साळू अडते तेव्हा

कडबा चावताना घोड्याच्या दाढांचा जो आवाज होतो, तो मला गावातल्या कुणाहीपेक्षा चांगला ठाऊक होता. रझाकारांच्या धामधुमीत एका दुपारी गावात घोडेस्वार शिरले, तेव्हा मी आमच्या खळ्यावरच्या कडब्याच्या गंजीत घुसून बसलो होतो. स्वार घरं धुंडाळत होते आणि त्यांतलं एक घोडं गंजीपाशी मोकळं सुटलं होतं. त्यानं तोंड घातलं ते थेट माझ्या कानाशी. करकर, करकर. एक पेंढी संपली की दुसरी. त्याचे दात आणि माझं तोंड यांच्यात किती कडबा उरलाय, याचा मी डोळे मिटून अंदाज करीत होतो. देवाचं नाव घ्यावं म्हटलं, तर तेही आठवेना. शेवटी कुणीतरी शीळ घातली, घोडं गेलं, स्वारही गेले. मी मात्र त्या गंजीतून पुरता बाहेर कधी आलोच नाही, असं माझी बायको दैवशाला म्हणते.

असा मी लिंबाजी. आणि मी घोडीचा मालक झालो तो कीर्तनापायी.

आमच्या गावच्या राधाकिशनबुवांच्या मागं मी टाळ घेऊन उभा राहायचो. त्यांचं कीर्तन म्हणजे काय होतं, हे ज्यानं ऐकलं त्यालाच ठाऊक. बुवा देवाला बोल लावायचे तेव्हा घरातल्या थोरल्याशी भांडावं तसे भांडायचे, आणि लगेच गळा असा ओला व्हायचा की बाया पदर तोंडाशी धरायच्या. धामधुमीच्या काळात देवळांतले सप्ते बंद पडले होते. निजामाचं राज्य गेलं आणि गावोगाव पुन्हा वीणा उभी राहिली. नदीपलीकडून बुवांना बोलावणी यायला लागली. पण तोवर बुवांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. उन्हाळ्यात बैलगाडी होती. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात गाडीचं चाक वितभर चिखल घेऊन बसतं, ते बैलालाही निघत नाही. बुवा ओट्यावर बसून पलीकडच्या गावांची नावं घेत राहत.

त्या वैशाखात धनगरांची मेंढरं माझ्या रानात बसायला होती. लेंडीखत आपल्याला, ज्वारी त्यांना, असा आमच्याकडचा रिवाज. त्यांच्यातली म्हातारी कडूबाई सगळ्या तांड्याला हुकूम सोडायची. निघायच्या दिवशी बुवा काठी टेकत टेकत रानात आले होते. त्यांना बघून कडूबाई मला म्हणाली, "म्हाताऱ्याला चालवंना व्हय? मग घिवून जा की ह्या साळूला. पुढचा खूर चिरलाय तिचा. आमच्या चालीनं यायची न्हाई. चार रोज बसू द्या, बरी हुईल."

"मला? घोडी?" मी म्हणालो.

"घोडी कुठली, तट्टू हाय. भीमथडीचं बीज. मोठ्या घोड्यावानी मिजास न्हाई. कडबा टाका, पानी दावा, बास."

साळू माझ्या छातीइतकी उंच होती. मातकट अंग, पाठीवरून शेपटापर्यंत एक काळी रेघ, आखूड मान, आणि पायांना नाल नाही. ती माझ्याकडं बघत चावत होती. करकर. मी दोन पावलं मागं सरलो.

बुवांनी पुढं होऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. "लिंबाजी," ते म्हणाले, "मी दोन मागितले होते, पांडुरंगानं चार पाय धाडले."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यापुढं नाही म्हणायला माझी जीभ कशी उचलावी?

*

पहिल्याच दिवशी मी तिच्या पाठीवरचं गोणपाट लांबून काठीनं ओढून काढलं, तर ती धाडकन जमिनीवर पडली आणि चारी पाय वर करून लोळायला लागली. मी ओरडत घरात पळालो. "अगं, साळू मरायली! पोटात कळ आली तिच्या!"

दैवशाला हात पुसत बाहेर आली. साळू उठली, अंग झाडलं, सगळी धूळ आमच्या अंगावर उडवली आणि समाधानानं फुरफुरली.

"पाठ खाजवायली ती," दैवशाला म्हणाली. "तुमी मला बघाय आलाव, तवा बी असंच दारात उभं ऱ्हायलाव. वाटलं, ह्या मानसाला कुनी उंबऱ्याला बांधलंय का काय."

रात्री साळू उभ्यानं झोपायची. मला वाटायचं, हे जनावर झोपतच नाही, माझ्यावर पाळत ठेवतंय. मी वैरण कुंपणावरून फेकायचो. पाण्याची बादली काठीनं पुढं सरकवायचो. पण त्या भिंतीपलीकडच्या आवाजाचं काय करणार? दिवेलागणीला मी टाळ घेऊन भजनाला बसलो की भिंतीमागून करकर सुरू व्हायची, आणि माझा ठेका चुकायचा.

खूर भरून आला तसा दिनकरराव तिला बघायला आले. त्यांचा चुलता जहागीरदाराच्या तबेल्यात होता, म्हणून घोड्यांतलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा दावा. त्यांनी साळूच्या तोंडाभोवती एक फेरा मारला आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली बोट दाखवलं. तिथं केसांचा एक लहानसा भोवरा होता.

"आसूढाळ," ते हळूच म्हणाले.

"म्हंजे?"

"डोळ्याखाली भोवरा. ज्याच्या दारात हे जनावर, त्याच्या दारात रडारड. धनगरीण काय खुळी हाय व्हय, असंच सोडून जायला?"

मी धावत बुवांकडं गेलो. बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "माझ्या कीर्तनात आता लोक जांभया द्यायलेत. आसू ढाळणारं कुणीतरी मिळालं, आता हिलाच पुढं बसवू."

बुवा हसले, पण मला हसू आलं नाही. भोवरा माझ्या मनात बसला. साळूच्या तोंडाकडं मी आधीच बघत नव्हतो, आता तर मुळीच बघेना.

आणि त्यातच तिची खोड उघडी पडली. ती अडायची.

गिरणीतून पिठाचं पोतं आणताना, रानातून तुरीच्या काड्या आणताना, चांगली चालता चालता ती एकदम उभी राही. ओढा, चुचकारा, देवाची शपथ घाला, पाय रोवून उभी. मी तिला चालवायचो ती एका लांबलचक कासऱ्यानं, आणि आपण पुढं. मागून लाथ नको, बाजूनं चावा नको, म्हणून ही माझी युक्ती. अडली की मी पुढं बघत कासरा ओढत राही, ती मागं उभी. शेवटी रस्त्यावरचा कुणीतरी येई, पोत्याला हात लावून "चल गं बाई" म्हणे, आणि ती चालायला लागे. दैवशालासंगं मात्र कधी अडायची नाही.

"तुमच्या हाताला गुन न्हाई," दैवशाला म्हणायची. ती ओझं बांधायची ते पाळण्यातल्या लेकरासारखं, गच्च. मी बांधायचो ते लांबून.

दिनकररावांना हे कळलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. "असं जनावर उगाच अडत न्हाई, लिंबाजी. पुढचं त्याला दिसतंय. एक दिवस ते अशा जागी अडंल, की तिथून मानूस परत यायचं न्हाई."

*

भाद्रपदात झरीहून सांगावा आला. सप्त्याचं काल्याचं कीर्तन बुवांनी करावं. मधे दुधना नदी. पाऊस थोडा उघडला होता आणि उताराला गुडघाभर पाणी होतं, असं सांगणारा म्हणाला.

मी बुवांना म्हणालो, "आवंदा राहू द्या." बुवांनी आत जाऊन वीणा पुसायला घेतली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

निघताना बुवांच्या पत्नी नर्मदाबाई दारात उभ्या होत्या. बुवांच्या कपाळाला बुक्का लावून त्यांनी मला बाजूला घेतलं. "लिंबाजी, ह्यांना हल्ली अंधारी येते. सांगत न्हाईत कुनाला. कीर्तन होईस्तवर पानी सोडून काई घेत न्हाईत, तुला ठावं हाय. त्यात ती घोडी. गावभर काय बोलायलेत ते माझ्या कानावर आलंय. तू सांग, न्यायचं का न्हाई?"

काय सांगावं? "जसे नेतोय तसे आणून घालीन, काकू," मी म्हणालो.

जाताना सगळं सुखरूप झालं. दैवशालानं घोंगडी आणि गादी घट्ट आवळून बांधली होती, बुवांना तिनंच धरून बसवलं होतं. साळू एकदाही अडली नाही. मी पुढं कासरा धरून, मागून बुवांच्या हातातल्या टाळांची बारीक किणकिण. ती किणकिण ऐकू येतेय तोवर बुवा ठीक आहेत, असं मी धरून चाललो.

काल्याचं कीर्तन तर असं झालं! रानात गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात, आणि एक लंगडा गोपाळ मागं राहतो. बुवा स्वतः लंगडत लंगडत त्याचं सोंग करू लागले, "अरे थांबा रं, मला बी येऊ द्या." लोक हसले. आणि मग देव मागं वळून उभा राहिला, एवढंच बुवा म्हणाले, आणि अख्ख्या मंडपात कुणाच्याही डोळ्याला धारा लागायच्या राहिल्या नाहीत. मी त्यांच्या मागं उभा राहून टाळ वाजवत होतो, मलाही पुढचं दिसेना. दहीहंडी फुटली. बुवांनी आपल्या हातानं काला वाटला, सगळ्यांच्या मुखात घातला. स्वतःच्या वाट्याचा काला आणि गूळ मात्र पंच्याच्या टोकाला बांधला. "नर्मदेबरोबर घेईन," म्हणाले.

गादी या खेपेला मी बांधली. मला साळूच्या पोटाखालून हात घालायचा होता, तो मी डोळे मिटून घातला आणि जेवढं जमलं तेवढं आवळलं.

*

दुधनेच्या उताराला आलो तेव्हा उन्हं कलली होती. वरच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट झालेलं. पाणी सकाळी नितळ होतं, आता त्याला तांबूस रंग चढला होता. वरती पाऊस झाला की दुधना आधी रंग बदलते, मग वाढते, हे आमच्याकडच्या पोराटोरालाही माहीत.

"बुवा, घट्ट बसा. बिगीनं जायचंय," मी म्हणालो आणि पाण्यात उतरलो.

"चल," बुवा म्हणाले. मागून किणकिण चालू झाली.

पाणी पोटऱ्यांना लागलं. गुडघ्यांना लागलं. मधोमध आलो आणि हातातला कासरा ताणला गेला.

साळू अडली.

त्या क्षणी मला दिनकररावांचं बोलणं आठवलं ते शब्दन्‌शब्द. अशा जागी अडेल. मी कासरा खांद्यावरून घेऊन बैलासारखा ओढला. ती हलेना. "साळू, चल गं माय! तुझ्या पाया पडतो!" पाण्यातून एक काटेरी फांदी वाहत आली आणि माझ्या मांडीला घासून गेली. पाणी चढत होतं. "बुवा, जरा टाच मारा तिला!"

बुवा बोलले नाहीत. कीर्तनानंतर ते असे गप्प व्हायचे, डोळे मिटून आत काहीतरी म्हणत बसायचे. मी पुन्हा ओढलं. "बुवा!"

आणि मग मला कळलं की किणकिण थांबली आहे. कधी थांबली? पाण्याच्या खळखळीत मला कळलंच नव्हतं. मागं काहीतरी टपकन पाण्यात पडलं.

मागं वळायचं म्हणजे तिच्या तोंडाकडं बघायचं. त्या भोवऱ्याकडं. माझी मान वळेना. पाणी मांडीला लागलं, आणि मला त्या गंजीतला वास आला, कोरड्या कडब्याचा, भर नदीत. काय वेडेपणा म्हणावा! पण नर्मदाबाईंना काय सांगू, हा विचार त्याहून मोठा होता. मी वळलो.

बुवा एका अंगाला कलले होते. मान छातीवर, तोंड पांढरं, हातातले टाळ पाण्यात गेलेले, वीणा कोपरातून लोंबकळत. मी बांधलेली गादी घसरून साळूच्या बगलेला आली होती. आणि साळू? तिनं चारी पाय फाकून वाळूत रोवले होते, आणि सगळं अंग दुसऱ्या बाजूला झोकून दिलं होतं. बुवांचा भार ती पाठीनं धरून होती. एक पाऊल जरी तिनं टाकलं असतं, माझ्या ओढण्याला एकदा जरी ती वश झाली असती, तर बुवा पाण्यात होते.

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. वाट बघत होती, इतकंच.

मी कासरा सोडला. तिच्या तोंडापाशी गेलो, तिचा श्वास माझ्या कानाला लागला, आणि मी बुवांच्या काखेत खांदा घातला. बुवा हलके होते, कीर्तनाशिवाय त्यांच्यात वजन असं काही नव्हतंच. त्यांना वर रेटलं, गादी ओढून मधे आणली, तिच्या पोटाखाली डोकं घालून पट्टा दातांनी ओढून आवळला. डोक्याचा रुमाल सोडून बुवांना गादीशी बांधलं. धनगर लेकरांना असंच बांधतात, ते मी वैशाखात तांडा रानात आला तेव्हा लांबून बघितलं होतं. कोंबड्या, कोकरं, लेकरं, सगळं साळूच्या पाठीवर, आणि ती मोकळी चालायची. तिला पुढून कुणी धरत नव्हतं. धनगर मागून चालत होते, ओझ्यावर नजर ठेवून.

गिरणीचं पोतं आठवलं. तुरीच्या काड्या आठवल्या.

मी तिच्या मागं गेलो. ज्या दोन पायांना सगळ्यांत भ्यायलो, त्यांच्या अगदी जवळ, बुवांच्या पाठीला दोन्ही हात लावून. "चल," म्हणालो. साळू चालली.

*

काठावर चढलो आणि मागं पाण्यानं उताराचा दगड बुडवला. मी बुवांच्या पंच्याचं टोक सोडलं, काल्यासकट गूळ पाण्यात कालवून त्यांच्या ओठांना लावला. निम्मा दाढीतच गेला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी देवाचं नाव घेत होतो, मोठ्यानं, हे मला मागाहून कळलं.

बुवांनी डोळे उघडले. "तो काला नर्मदेचा होता," ते म्हणाले.

मी रडायलाच लागलो.

"थांबलास का रं?"

"मी न्हाई थांबलो, बुवा. साळू थांबली."

बुवांनी हात लांब करून तिच्या मानेला लावला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "वळून उभी राहिली म्हण की."

पुढची सगळी वाट मी मागून चाललो. वाटेत ती दोनदा अडली. दोन्ही वेळा मी हात घालून पट्टा आवळला आणि ती चालली. नर्मदाबाई दारातच होत्या. माझ्या उघड्या डोक्याकडं, बांधलेल्या बुवांकडं बघून त्यांना सगळं समजलं. बुवांना आत निजवल्यावर त्या परत बाहेर आल्या आणि साळूच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. आणि गल्लीतल्या बायाही.

गर्दीत दिनकरराव होते. "म्हणलं नव्हतं?" ते म्हणाले. "आसूढाळ हाय. रडारड व्हनार."

दिवाळी झाल्यावर कडूबाईचा तांडा पुन्हा रानात उतरला. मी तिला जाब विचारला. ओझं सरकलं की साळू उभी राहते, एवढं सांगायला काय झालं होतं?

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. "आता हे बी सांगाव लागतं व्हय? ओझं पडायलंय आन्‌ जनावर चालतंच ऱ्हातंय, असलं कुठं असतंय का?" मग दैवशालाकडं वळून, "बाई, तू कसं दिवस काढायलीस गं ह्या मानसासंगं?"

"आवळून बांधते," दैवशाला म्हणाली.

भीती माझी गेली, असं मी म्हणणार नाही. अजूनही साळूनं मान एकदम वळवली की मी पाऊलभर मागं सरतो, आणि दुधनेचं पाणी तांबूस दिसलं की मी काठावरच बसून घेतो. बुवा आता बसून कीर्तन करतात. त्यांच्या मागं टाळ घेऊन मी असतो, आणि वाटेनं जातानाही मागंच असतो.

दिवेलागणीला मी वैरण घालायला जातो, ती कुंपणावरून नाही. पेंढी सोडून तिच्यापुढं ठेवतो आणि तिथंच दगडावर बसतो. करकर सुरू होते. अंगावर काटा येतो तो येतोच. मी देवाचं नाव घ्यायला लागतो, आणि ते आता आठवतं.